मेघाने पाठवलेली पाटी

लकवा मारल्यावर तीन महिन्यांनी नानांनी पहिल्यांदा पुस्तक मागितलं, आणि ते त्यांना धरता येईना. उजवा हात निकामी झाला होता. डाव्या हाताने ते पुस्तक छातीवर उभं करत, वाचायला लागत, आणि पान उलटायला गेले की पुस्तक मिटून जाई. तिसऱ्यांदा मिटलं तेव्हा त्यांनी ते भिंतीकडे सरकवून दिलं आणि डोळे मिटून घेतले.

थोरली मुलगी पुष्पा दारात उभी राहून बघत होती. बायको गेल्यापासून नाना तिच्याकडेच राहत होते, धुळ्याला, देवपुरात. नरडाण्याच्या स्टेशनवर त्यांनी सत्तावीस वर्षं पॉइंट्समनची, गाड्यांचे रूळ बदलून देण्याची, नोकरी केली होती. दोन मालगाड्यांच्या मधल्या वेळात केबिनमध्ये बसून वाचायचं, ही तेव्हाची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. आता हात गेला आणि जीभही जड झाली. शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून अर्धेमुर्धे बाहेर पडत. ते काय म्हणतात हे घरात फक्त पुष्पाला समजत असे. तिचा नवरा अमृत नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला होता. तो संध्याकाळी आला की आधी तिलाच विचारायचा, "काय म्हणताहेत गं?"

पुष्पाने धाकट्या बहिणीला, मेघाला, फोन करून पुस्तकाचं सांगितलं. मेघा जळगावला ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत ड्रॉइंग सेक्शनला होती. दोन दिवसांनी तिचा उलट फोन आला.

"अक्का, मी चौकशी केली. दोन गोष्टी मिळतात. एक रीडर. त्यात नुसती पुस्तकं वाचायची, दुसरं काही नाही. दुसरा टॅब. त्यात सगळंच असतं. काय घेऊ?"

"टॅब घे," पुष्पा लगेच म्हणाली. "भजनं, बातम्या, कीर्तन, सगळं दिसेल. दिवसभर पडून असतात. नुसती पुस्तकं किती वाचतील?"

"हं. बघते."

आठवड्याने पार्सल आलं. त्यात रीडर होता.

"मग विचारलं तरी कशाला?" पुष्पा अमृतला म्हणाली.

"नानांना आवडला ना? झालं तर मग," अमृत म्हणाला.

नानांना फार आवडला. वहीएवढी पातळ, काळ्या कडेची ती वस्तू डाव्या हातात सहज मावायची. अंगठा टेकवला की पान पुढे जायचं. अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं, आणि सकाळी ओट्यावर उन्हात खुर्ची टाकून बसवलं तरी कागदावरच्यासारखं स्वच्छ दिसायचं. नाना तिला पाटी म्हणू लागले. मेघा जळगावला बसून तिच्यात पुस्तकं घालायची. कधीकधी सकाळी नाना पाटी उघडत आणि आत नवं पुस्तक आलेलं असे. तेव्हा त्यांचा चेहरा लहान पोरासारखा व्हायचा.

वाचेचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, रोज अर्धं पान मोठ्याने वाचा. नाना दोन-दोन पानं वाचू लागले. आणि घरी जो कोणी येईल त्याला पाटी दाखवू लागले. दूधवाला, समोरच्या वहिनी, गॅसची टाकी आणणारा. पाटी वर करायची आणि म्हणायचं, "मेघानी धाडी शे."

बाकीचं बोलणं कुणाला कळायचं नाही. हे तीन शब्द मात्र इतके स्पष्ट यायचे की पुष्पाला कुणाला उलगडून सांगावं लागत नसे.

ती सकाळी सहाला नानांना उठवून बसवायची. पुसून काढायची, दाढी करायची, चमच्याचमच्याने नाश्ता भरवायची. त्यातच पाऊण तास जाई. मग शिलाई मशीनवर बसायची. ती ब्लाउज शिवायची आणि लग्नसराई सुरू होती. मधेच खोलीतून हाक आली की कापड तसंच सुईखाली ठेवून उठायची. या सगळ्यातलं काही हातात धरून दूधवाल्याला दाखवण्यासारखं नव्हतं.

एकदा मशीन चालवता चालवता तिला नरडाण्याची केबिन आठवली. दुपारी ती नानांचा डबा घेऊन जायची. मेघा शाळेतून परस्पर तिथे गेलेली असायची आणि नानांच्या शेजारी स्टुलावर बसून ऐकत असायची. नाना वाचून दाखवत असायचे. पुष्पा पायरीवर उभी राही. जेवण झालं की रिकामा डबा उचलून परत निघे, कारण घरी आई आजारी होती आणि भांडी पडलेली असायची. दहावीनंतर तिची शाळा सुटली ती त्यामुळेच. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, आणि वाटतंय याची लाजही वाटत होती. पण बाहेरून "मेघानी धाडी शे" ऐकू आलं की लाज मागे पडायची.

मे महिन्यात ती आग्रा रोडवरच्या एका मोबाइलच्या दुकानात गेली. शिलाईतून बाजूला टाकलेले पैसे पर्समध्ये होते.

"वडिलांसाठी पाहिजे," ती म्हणाली. "वाचायला."

"नुसतं वाचायला असेल तर रीडर घ्या ना, ताई," दुकानदार म्हणाला. "डोळ्यांना त्रास नाही."

"तो आहे त्यांच्याकडे. त्याच्यापेक्षा चांगलं काय ते दाखवा."

त्याने टॅब काढून समोर ठेवला. केवढा मोठा पडदा! त्यावर हिरवीगार डोंगररांग उमटली होती. "रीडर म्हणजे फक्त पुस्तक. यात बठ्ठं शे," तो हसून म्हणाला. मग त्याने विचारलं, "आजोबा बसून बघतील की पडून? पडून बघणार असतील तर हातात जड पडेल."

"बसून बघतील," पुष्पा म्हणाली.

नाना दिवसातले वीस तास पडून असायचे.

तिने टॅब त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो पाहिला, तिच्याकडे पाहून मान हलवली, हसले. तिने कीर्तन लावून दिलं. दहा मिनिटांत टॅब हातातून घसरून छातीवर आपटला. तिने उशी लावली. उशीवर ठेवला तर खिडकीचा उजेड पडद्यावर पडून काही दिसेना. तिने खिडकी लावली. खोलीत उकडायला लागलं. अर्ध्या तासाने नानांनी टॅब बाजूला सारला आणि उशाखालून पाटी काढली.

"आवडला नाही का, नाना?"

"जड शे," नाना म्हणाले.

चारेक दिवसांनी पाटीची बॅटरी संपली. ती महिन्यातून एकदाच चार्ज करावी लागायची आणि ते काम पुष्पाचं होतं. नानांनी बंद पडलेली पाटी तिच्यासमोर धरली. "बघते," ती म्हणाली. आत नेली, कपाट उघडलं आणि साड्यांच्या थप्पीखाली ठेवून दिली. तिने आधीपासून काही ठरवलं नव्हतं. संध्याकाळी नानांनी विचारलं तेव्हा मात्र तिच्या तोंडून निघून गेलं, "बिघडली आहे ती. मेघाकडे पाठवावी लागेल. तोवर टॅब बघा ना."

नाना टॅब बघू लागले. दुसरं काही नव्हतंच.

आणि तिच्या ध्यानीमनी नव्हतं ते घडलं. टॅब घेतल्याचं मेघाला कळलं आणि ती म्हणाली, "अरे वा, अक्का! मग आता मला नाना रोज दिसतील." दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सातला तिचा व्हिडिओ कॉल आला. तेवढ्या मोठ्या पडद्यावर मेघाचं तोंड आलं, कपाळावरच्या टिकलीसकट, आणि नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रडता रडता ते हसत होते. मग रोजच सात वाजले की नाना दाराकडे बघायला लागायचे. पुष्पाने टॅब आणून उशीला टेकवायचा, मेघाला लावून द्यायचं, आणि बाजूला उभं राहायचं. कारण मेघाला नानांचं बोलणं समजत नव्हतं.

"काय म्हणतात, अक्का?"

"जेवलीस का, विचारताहेत."

"आता काय म्हणाले?"

"तुझे केस पांढरे व्हायला लागले म्हणताहेत."

मेघा खळखळून हसायची, नानाही. पुष्पा मधे उभी. स्वतःच्या पैशांनी मेघाला रोज घरात आणून बसवलं आपण, असं तिच्या मनात येई. कुकरची शिट्टी झाली की तिला बरं वाटायचं. तेवढंच आत जाता यायचं.

एका संध्याकाळी मेघाने विचारलं, "नाना, पाटीवर ते नवं पुस्तक टाकलंय मी. वाचलं का?"

नानांनी एकदा पुष्पाकडे पाहिलं. मग पडद्याकडे वळून सावकाश, एकेक शब्द ढकलत म्हणाले, "पाटी बिघडी गयी. नीट करी दे."

"काय म्हणतात?"

"म्हणतात," पुष्पा बोलली, "की हल्ली टॅबच बरा वाटतो. मोठा दिसतो."

"हो का?" मेघाचा आवाज जरा उतरला. "असू दे. त्यांना आवडतंय ना."

नानांचे कान शाबूत होते. त्यांनी पुष्पाकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं आणि नजर खाली घेतली. तो कॉल संपेपर्यंत ते पुन्हा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही बोलले नाहीत. मेघाने काही विचारलं की मान हलवायची, बस्स. पुष्पाने चहा हवा का विचारलं तरी मान. पाणी हवं असेल तर तांब्याकडे बोट. आठवडा गेला. दुसरा गेला. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी नानांना 'आ' करायला लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"एवढे सुधारले होते. रोज मोठ्याने वाचायचे ना? ते का बंद केलं?"

"यंत्र बिघडलंय," पुष्पा म्हणाली.

"मग पेपर धरा समोर. बोलणं थांबवलं तर जीभ आखडून जाईल. नंतर माझ्याही हातात काही राहणार नाही."

पुष्पाने पेपर धरला. नानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिकडे मेघा घाबरली होती. "दुसरा झटका तर नाही ना आला, अक्का? मी शनिवारी येते. रजा टाकली आहे."

शुक्रवारी दुपारी अमृत कामावर असताना पुष्पाने साड्यांखालून पाटी काढली आणि चार्जिंगला लावली. तिने मनाशी जुळवून ठेवलं होतं, की दुरुस्त होऊन आली म्हणायचं. उद्या मेघा येईल, नाना वाचत असतील, विषय संपेल. चार वाजता ती पाटी घेऊन खोलीत गेली.

"नाना, बघा. दुरुस्त झाली."

नानांनी डावा हात पुढे केला. अंगठा टेकवला. जिथे वाचायचं थांबले होते तेच पान उघडलं. ते पानाकडे बघत राहिले आणि वीस दिवसांनी पहिल्यांदा बोलले. आवाज गंज चढल्यासारखा येत होता.

"बिघडेलच नव्हती."

पुष्पा खाटेच्या कडेला बसली.

"माले माहीत व्हतं," नाना म्हणाले. "कपाटना आवाज उना."

"मग बोलला का नाहीत? मला शिव्या द्यायच्या होत्या. मेघाला सांगायचं होतं..." एवढं म्हणून ती थांबली. मेघाला ते सांगणार कुणाच्या तोंडाने?

नाना बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "तू उठाडस. तू बसाडस. तू खावाडस." ते दमले. मग म्हणाले, "तुले काय बोलू मी?"

पुष्पाला आधी वाटलं, हे कौतुकच आहे. सहा महिने ती ज्याची वाट बघत होती ते शेवटी ते बोलले. मग तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. हे कौतुक नव्हतं. नाना तिला भीत होते. सत्तावीस वर्षं लाल-हिरवा कंदील दाखवून आख्ख्या गाड्या थांबवणारा माणूस स्वतःच्या मुलीला दुखवायला घाबरत होता, कारण सकाळी सहाला तीच त्यांना उठवून बसवणार होती.

"नाना, असं नका म्हणू," ती म्हणाली. नानांनी तिच्या मनगटावर हात ठेवला, पण तिला तिथे बसवेना.

शनिवारी मेघा आली. नाना पाटी घेऊन वाचत होते, तिला पाहून दोन शब्द बोलले. मेघाचा जीव भांड्यात पडला. ती स्वयंपाकघरात चहा टाकायला आली तेव्हा पुष्पाने सगळं सांगून टाकलं. कपाट, साड्या, आणि त्या संध्याकाळी नाना खरं काय म्हणाले होते ते. मेघाने गॅस बंद केला.

"तीन आठवडे, अक्का! मला रात्र रात्र झोप नव्हती. वाटलं, माझंच काही चुकलं. मला वाटलं नाना चालले."

"माहीत आहे."

"का केलंस पण?"

"तू पाठवलेली पाटी ते गल्लीभर दाखवतात," पुष्पा म्हणाली. आवाज खाली ठेवायचा तिचा प्रयत्न होता, तो साधला नाही. "मला कुणाला दाखवलं त्यांनी? केबिनमध्येही तूच बसायचीस. मी डबा पोचवून परत. टॅब घे म्हटलं, तर तेही ऐकलं नाहीस. विचारून मग स्वतःच्याच मनाचं केलंस."

"टॅब त्यांना झेपला नसता!"

"हो, नसता झेपला! तेच तर! तेही तुलाच कळलं!"

बाहेरून नानांचं अडखळत वाचणं ऐकू येत होतं.

"मी त्यांना घेऊन जाते," मेघा म्हणाली. "महिनाभर तरी."

"तुला जमणार नाही. त्यांचं बोलणं तरी समजतं का तुला?"

"नाही समजत," मेघा म्हणाली. "पण त्यांच्यापासून काही लपवणार तरी नाही."

हे पुष्पाला लागलं. लागायलाच हवं होतं, असंही तिला वाटलं. दोघी खोलीत गेल्या आणि नानांना विचारलं. नानांनी एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. मग पुष्पाला म्हणाले, "जाई येस, माय." जाऊन येतो, हे या वेळी मेघालाही समजलं.

रविवारी गाडी करून ते जळगावला गेले. पाटी बरोबर गेली. टॅब धुळ्यालाच राहिला.

सोमवारी पुष्पाला सहाला जाग आली आणि उठून करायला काहीच नव्हतं. चार दिवस तिने मान वर न करता ब्लाउज शिवले. मेघाचा फोन यायचा, पण कामापुरता. कोणती गोळी जेवणाआधी, अंघोळीचं पाणी किती गरम. शेवटी पाचव्या दिवशी संध्याकाळी सातला पुष्पाने स्वतःच टॅबवरून व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर नाना दिसले. खुर्चीत बसलेले, दाढी गुळगुळीत. खालती एक पन्नाशीची बाई फरशीवर मांडी घालून बसली होती.

"या बेबाबाई," मेघाचा आवाज आला. "अमळनेरकडच्या आहेत. मी ऑफिसला गेले की दिवसभर त्याच असतात. संध्याकाळीसुद्धा हलत नाहीत."

नाना पाटी धरून मोठ्याने वाचत होते. पुष्पाला पाहून त्यांनी हात वर केला, पण वाचन थांबवलं नाही. एक वाक्य संपलं की बेबाबाई पुढे सरकायची. "मंग काय व्हयनं, भाऊ? मंग?" आणि नाना पुढचं वाक्य वाचायचे. शब्द अडला तर बेबाबाई तो बरोबर ओळखायची, मांडीवर थाप मारून हसायची आणि नानाही हसायचे. पुष्पाने दहा मिनिटं वाट पाहिली. तिच्याशी बोलायला कुणाला सवड नव्हती.

"मी नंतर करते," ती म्हणाली आणि कॉल बंद केला.

पाच मिनिटांनी मेघाचा साधा फोन आला. ती आतल्या खोलीत जाऊन हळू आवाजात बोलत होती.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"तिला अक्षर वाचता येत नाही, अक्का. म्हणून ते तिला वाचून दाखवतात. दिवसाला दहा-दहा पानं. मी ऑफिसातून येते तर माझ्याकडे बघतही नाहीत. काल मी म्हटलं, मी बसते ना ऐकायला, तर म्हणतात, तुले गोष्ट माहीत शे."

"एवढं समजलं तुला?"

"बेबाबाईने सांगितलं ना."

पुष्पाला हसू आलं. तिने ते दाबलं, पण मेघाला ऐकू गेलं आणि तीही हसायला लागली.

"दाढी तीच करते का?" पुष्पाने विचारलं.

"तीच. आणि छान करते. मला रक्त काढल्याशिवाय जमत नव्हती."

"हनुवटीखाली राहिली होती आज. मी बघितलं."

"राहिली होती ना? मीपण म्हटलं!"

मग बेबाबाई चहात साखर किती घालते, भाजीला फोडणी कशी जळकी देते, नानांना एकेरीत कशी बोलावते, यावर दोघी पाऊण तास बोलल्या. मशीनवरचं कापड तसंच पडून होतं. अमृत आला, त्याने स्वतःच्या हाताने पाणी घेतलं, तरी पुष्पाचा फोन चालूच होता.

"महिना संपला की मी न्यायला येते," शेवटी ती म्हणाली.

"ये. पण अक्का, एक गंमत सांगू? नाना विचारत होते, बेबाबाई धुळ्याला येईल का."

पुष्पाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिला म्हणावं," ती म्हणाली, "इथे साखर मी घालणार."